तुम्ही थांबलात कशाला?

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. ऑफिस सुटल्यावर मी कोंढव्याकडे परतत होतो. एका झेब्रा क्रॉसिंगपाशी एक आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या, एक पाय फुटपाथवर आणि एक रस्त्यावर. तिथं सिग्नल नव्हता. त्यांना जाऊ द्यावं म्हणून मी गाडी थांबवली. दोन सेकंदांत मागून जोराचा आवाज झाला. एक मुलगा मोटारसायकलसह माझ्या गाडीवर आदळून खाली पडला होता. वय असेल एकोणीस. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, कपाळातून रक्त येत होतं.

मिनिटभरात वीसेक माणसं जमली. समोरच्या केळीवाल्यानं पाणी आणलं. कुणीतरी रुमाल बांधला. एका रिक्षावाल्यानं आपलं भाडं उतरवून मुलाला आत घेतलं. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला आणि स्क्रीनवर नाव आलं, ‘अम्मी’. केळीवाल्यानं फोन उचलला. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्राकडे बघत, धीर देण्याच्या सुरात म्हणाले, “साहेब, तुमची काही चूक नाही. ह्या लोकांच्या वस्तीत कुणी हेल्मेट घालतं का? शिस्त म्हणून नाहीच.”

ओळखपत्रावरचं नाव त्यांनी वाचलं नव्हतं. मी त्याच वस्तीत राहतो. तरीही त्या वेळी मी गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्यातून आला आहे.

मुलगा वाचला. कपाळाला सात टाके पडले आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये आलेल्या हवालदारांनी माझं म्हणणं लिहून घेतलं, मग पेन थांबवून विचारलं, “पण साहेब, तुम्ही थांबलात कशाला?” मुलाच्या आईनंही तेच विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखर कळत नव्हतं. “बेटा, रास्ता तो खाली था, फिर तुम रुके क्यूं?”

कायद्याप्रमाणे माझं बरोबर होतं. झेब्रा क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याचा हक्क आधी, आणि मागच्यानं पुढच्या वाहनापासून अंतर ठेवायचं. पण दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे खरं उत्तर एकच होतं: मी तीन वर्षं जर्मनीत राहून आलो होतो, आणि माझा पाय ब्रेकवर आपोआप गेला.

परवाना असूनही नापास

गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा धंदा. कंपनीनं मला श्टुटगार्टला पाठवलं तेव्हा माझ्याकडे भारतातला परवाना होता आणि दहा वर्षांचा अनुभव होता. भारतीय परवान्यावर तिथं सहा महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा, हे सगळं द्यावं लागतं.

माझा भारतातला परवाना कसा मिळाला तेही सांगतो. गावाकडच्या एका एजंटनं सगळं पाहिलं. मी मैदानात मोटारसायकलचा आठ काढला, गाडी शंभरेक फूट पुढे आणि थोडी मागे घेतली. साहेबांनी मान हलवली. संपलं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकाही विषयात मी नापास झालो नव्हतो. श्टुटगार्टमध्ये रस्त्यावरच्या पहिल्या परीक्षेत नापास झालो.

कारण ऐका. तिथं गल्लीबोळांत, जिथं सिग्नल किंवा पाटी नसते, तिथं एक नियम चालतो: ‘रेश्ट्स फोर लिंक्स’, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ताशी तीस किलोमीटरच्या भागातून जाताना तीन गल्ल्यांपाशी मी उजवीकडे मान वळवून पाहिलं नाही. तिन्ही गल्ल्यांतून एकही गाडी येत नव्हती. मी नंतर शिकवणाऱ्याशी वाद घातला, “गाडी नव्हतीच ना?” तो शांतपणे म्हणाला, “गाडी नव्हती हे तुला कुठं ठाऊक होतं? तू पाहिलंच नव्हतंस.”

मला हा नियम परका वाटला. पुढे कधीतरी आपल्याकडचे नियम वाचले आणि चाटच पडलो. भारतात १९८९ साली केलेल्या रस्त्याच्या नियमावलीतही हेच लिहिलं होतं: मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं. म्हणजे नियम दोन्हीकडे तोच. फरक एवढाच की तिथं तो न पाळणारा नापास होतो, आणि इथं तो आहे हे शिकवणाऱ्यालाही माहीत नसतं.

एक दिवा, दोन अर्थ

परवाना मिळाल्यानंतरचा एक प्रसंग. श्टुटगार्ट डोंगरउतारावर वसलेलं शहर आहे. गल्ल्या अरुंद, एका बाजूला गाड्या लावलेल्या, त्यामुळे समोरासमोर आल्यावर एकानं थांबावंच लागतं. समोरून एक गाडी आली. मी सवयीनं हेडलाइट दोनदा मिचकावले. आपल्याकडे याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: मी येतोय, तू थांब. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर करून माझे आभार मानले आणि गाडी सरळ आत घातली. मीही घातली होती. गल्लीच्या मध्यावर दोघं नाकाला नाक लावून उभे. त्यांनी दोन्ही हात पसरून ‘हे काय?’ असं विचारलं.

तिथं त्याच दिव्याचा रोजच्या वापरातला अर्थ अगदी उलटा आहे: तुम्ही या, मी थांबतो.

हॉर्नचंही तसंच. आपल्याकडे हॉर्न ही माहिती असते. मी मागे आहे, मी वळणावर आहे, मी निघालोय. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याची प्रथा इतकी रुजलेली होती की महाराष्ट्र सरकारला २०१५ मध्ये ते लिहायला बंदी करावी लागली. जर्मनीत हॉर्न हा धोक्याचा इशारा आहे, आणि धोका नसताना वाजवला तर ती शिवी समजली जाते. पहिल्या महिन्यात एका सायकलवाल्या बाईंना ‘मी मागे आहे’ असं सांगायला मी हलकासा हॉर्न दिला. त्यांनी सायकल थांबवली, उतरल्या आणि माझ्या काचेवर टकटक केली.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर रस्ता हा प्रोटोकॉल आहे. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं तर दोघांकडे एकच प्रोटोकॉल हवा. एकाकडे नवीन आणि दुसऱ्याकडे जुना असेल तर निरोप पोचतच नाही, मग नवीन कितीही चांगला असो. कोंढव्याच्या रस्त्यावर मी थांबलो तेव्हा माझ्या ब्रेकच्या दिव्यानं मागच्या मुलाला ‘पायी चालणाऱ्याला वाट देतोय’ हे सांगितलं नाही. त्याच्या अनुभवात झेब्रा क्रॉसिंगवर कुणी थांबतच नाही. त्याला वाटलं असेल खड्डा आहे, आत्ता निघेल. मी बरोबर होतो आणि त्याच्यासाठी धोकादायकही होतो.

न अडवणं आणि आत शिरणं

या सवयी रस्त्यापुरत्या नसतात, घरापर्यंत येतात. श्टुटगार्टच्या आमच्या इमारतीत दर काही आठवड्यांनी दाराला एक पाटी लटकलेली सापडायची: ‘केअरवोखे’. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. कुणी बोलायचं नाही, पाटीच बोलायची. रविवारी काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. रात्री दहानंतर शांतता. वाढदिवस असेल तर ज्याचा वाढदिवस त्यानंच ऑफिसात केक न्यायचा. कुणाच्या घरी न कळवता जायचं नाही.

मी आजारी पडलो तेव्हा चार दिवस दारावर कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी शेजारीणबाईंनी चिठ्ठी सरकवली, “तुमची झाडायची पाळी मी केली आहे, काळजी नको.” आधी मला ते कोरडं वाटलं, नंतर त्यातली माया कळली. तिथं दुसऱ्याला त्रास न देणं, त्याची वाट न अडवणं हाच आदर असतो. आपल्याकडे आदर म्हणजे आत शिरणं. घरात डोकावणं, डबा आणून देणं, रस्त्यावर पडलेल्याला उचलणं. त्या संध्याकाळी केळीवाला आणि रिक्षावाला धावले, ते याच आदरापोटी. रिक्षावाल्यानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

पण आपलं धावून जाणं अपघातानंतर सुरू होतं. जर्मनीत महामार्गावर गाड्या तुंबल्या की रुग्णवाहिका येण्याची वाट न पाहता सगळे बाजूला सरकतात. सगळ्यांत डावीकडच्या रांगेतले डावीकडे, बाकीचे उजवीकडे, आणि मधे एक मोकळी गल्ली तयार होते. तिला ‘रेटुंग्सगासे’ म्हणतात, म्हणजे जीव वाचवणारी गल्ली. कुणाला वाचवायचंय हे माहीत नसतानाही ती आधीच केलेली असते. ही मला तिथं दिसलेली सर्वांत मोठी माणुसकी. तीत कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही.

रक्तात काही नसतं

आता त्या गृहस्थांकडे येतो, ‘ह्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणणाऱ्या.

हेच वाक्य मी श्टुटगार्टच्या ऑफिसात, कॅन्टीनच्या टेबलावर ऐकलं होतं. एकानं मोबाइलवर भारतातल्या चौकाचा व्हिडिओ लावला. रिक्षा, गाय, टँकर, शाळेची व्हॅन. सगळे हसले. मग तो मला म्हणाला, “तुम्हा भारतीयांच्या स्वभावातच नियम नाहीत, नाही का?” त्या टेबलावर मी आणि ते पुण्याचे गृहस्थ एकाच ‘ह्या लोकां’मध्ये बसलो असतो. तिथंही मी गप्पच बसलो होतो, कारण तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, ते आकड्यांत देतो.

२०२२ मध्ये जर्मनीत रस्त्यावर २,७८८ माणसं मेली. भारतात त्याच वर्षी १,६८,४९१. लोकसंख्या आपली सतराएक पट, मृत्यू साठ पट. एवढंच पाहिलं तर स्वभावाची गोष्ट खरी वाटेल. पण मागे जाऊया. १९७० मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून रस्त्यांवर २१,३३२ माणसं मेली होती. तेव्हा गाड्या आजच्यापेक्षा खूपच कमी होत्या. हेच ते शिस्तप्रिय लोक. त्यांचे आजोबा दारू पिऊन, पट्टा न लावता, हवं तसं गाडी हाकत होते.

मग एकेक गोष्ट झाली. पश्चिम जर्मनीत १९७२ मध्ये शहराबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ताशी शंभरची मर्यादा आली. १९७३ मध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा खाली आणली. १९७६ मध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला, तेव्हा लोकांनी भरपूर कुरकुर केली. पट्टा म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, आग लागली तर बाहेर कसं पडणार, असे वाद झाले. सक्ती होती पण दंड नव्हता, म्हणून कित्येकजण लावत नव्हते. १९८४ मध्ये चाळीस मार्कांचा दंड लागू झाला आणि थोड्याच काळात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पट्टा लावू लागले. स्वभाव चाळीस मार्कांत बदलला.

पुणेकरांना हे वाद ओळखीचे वाटतील. २०१९ च्या सुरुवातीला आपल्याकडे हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघाले, पगड्या घालून निघाले. त्यात ‘ह्या लोकांच्या वस्ती’तले किती आणि पेठांमधले किती, हे मी मोजायला गेलो नाही. हेल्मेट न घालण्यात पुण्यात संपूर्ण सर्वधर्मसमभाव आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वारांचा आणि मागे बसलेल्यांचा मृत्यू झाला. त्यांची जात-धर्म पाहून रस्त्यानं त्यांना वेगळं वागवलं नसेल.

दुसरा पुरावा माझ्या घरातलाच. माझे मामू चिपळूणचे. बावीस वर्षं त्यांनी दुबईत गाडी चालवली. तिथं चोवीस काळे पॉइंट जमले की परवाना निलंबित होतो, आणि परवाना गेला म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला. बावीस वर्षांत मामूंनी एकदाही लाल सिग्नल तोडला नाही. दर सुट्टीला मुंबई विमानतळावर उतरले की गावच्या पोराच्या गाडीत पुढे बसायचे आणि पट्टा लावायचे नाहीत. एकदा मी विचारलं. म्हणाले, “अरे, पट्टा लावला तर त्या पोराला वाटेल, मामूला माझ्या चालवण्यावर भरोसा नाही.”

माणूस तोच, धर्म तोच, स्वभाव तोच. फक्त विमानाचे तीन तास मधे. तिथं पट्टा न लावणं हा गुन्हा होता, इथं लावणं हा अपमान. मुंबई-गोवा महामार्गावर आमच्या ओळखीतली जी माणसं गेली, त्यांतल्या काहींचा जीव या लिहाजापायी गेला असेल, असं मला आजही वाटतं.

आपल्याकडेही हे बदलतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ जणांचा जीव गेला होता. धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या, कठडे बसवले, देखरेख वाढवली, आणि पुढच्या काही वर्षांत मृतांचा आकडा निम्म्याच्या आसपास आला. त्या रस्त्यावरून जाणारे लोक बदलले नव्हते.

आपल्या दारातलं

त्या गृहस्थांना मी आज भेटलो तर हे सगळं सांगेन. पण त्यांना सांगून झालं की मला माझ्या वस्तीकडेही वळावं लागेल. बाहेरच्यानं टोमणा मारला म्हणून घरातला प्रश्न खोटा ठरत नाही.

जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर दोन-दोन रांगांत गाड्या लागतात आणि रुग्णवाहिकेला वाट राहत नाही, हे आपण पाहतो. शब-ए-बारातच्या रात्री इबादत सोडून मोटारसायकली उडवणारी पोरं आपलीच असतात. आठवी-नववीतल्या मुलाच्या हातात ‘जरा दूध आण’ म्हणून स्कूटर देणारे अब्बा आपल्याच मजल्यावर राहतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हे सगळं इतर वस्त्यांतही होतं, मिरवणुकीच्या नावानं होतं, वरातीच्या नावानं होतं. ते त्यांनी बघावं. मी माझ्या गल्लीचं बोलतो.

रस्त्यावरची इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग असल्याची शिकवण आपण लहानपणी मदरशात ऐकलेली असते. आपण तिचा अर्थ काटा आणि दगड इतकाच घेतला. आडवी लावलेली गाडी हाही दगडच आहे. उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकलही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. मशिदीच्या कमिटीनं जुम्याला चार तरुणांना वाहनं लावून घेण्यासाठी उभं करावं आणि एक बाजू पूर्ण मोकळी ठेवावी, आपली जीव वाचवणारी गल्ली. निकाहमध्ये नवऱ्याला मोटारसायकल देणाऱ्यांनी (ती न दिलेलीच बरी) निदान सोबत दोन हेल्मेट द्यावीत, एक नवरीसाठीही. आणि अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती मोहल्ल्यातून काढावी. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते कायद्यातच आले. जखमीला हॉस्पिटलात पोचवणाऱ्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

त्या मुलाला मी तीन-चारदा भेटायला गेलो. चौथ्या वेळी हेल्मेट घेऊन गेलो. तो हसून म्हणाला, “भाई, घालेन. पण तुम्ही पण अचानक नका थांबू.”

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी अजूनही झेब्रा क्रॉसिंगवर थांबतो, ते सोडणार नाही. पण आता पन्नास-साठ मीटर आधीपासून वेग कमी करतो, ब्रेकचा दिवा दोन-तीनदा लावतो आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला ‘हळू’ असं खुणावतो. हात दाखवणं जर्मनीत कुणी शिकवलं नाही, ते इथलंच आहे. मागचे काहीजण हॉर्न वाजवतात, काही बाजूनं निघून जातात. गेल्या आठवड्यात मात्र शेजारच्या रिक्षावाल्यानं माझा हात पाहिला आणि त्यानंही हात बाहेर काढला. शाळेतल्या पाच-सहा मुली रस्ता ओलांडून गेल्या. मग आम्ही दोघं निघालो.